पोत्यापासून मुळापर्यंत : खतांचे रसायन समजून खत कसे द्यावे

पिकाला खत घातले, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात खत मातीला घातलेले असते, आणि मातीतल्या ओलाव्यात त्याचे जे काही होते त्यातला एक हिस्सा पुढे पिकाच्या वाट्याला येतो. नत्राच्या (नायट्रोजनच्या) बाबतीत हा हिस्सा बहुधा निम्म्याच्या आसपास असतो, तर स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत पहिल्या हंगामात तो १० ते २५ टक्क्यांपुढे क्वचितच जातो. उरलेले कुठे जाते, हे ज्याला कळले त्याला खत केव्हा द्यावे, किती खोल द्यावे आणि कशात मिसळू नये, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून या मार्गदर्शिकेत पिकांनुसार खतांची कोष्टके दिलेली नाहीत. खताचा दाणा पोत्यातून निघाल्यापासून मुळाशी पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, याचा माग घेत प्रत्येक टप्प्यावर काय करावे ते सांगितले आहे.

मुळाला काय घेता येते

वनस्पतीला १७ मूलद्रव्ये लागतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवेतून आणि पाण्यातून मिळतात आणि रोपाच्या कोरड्या वजनाचा फार मोठा भाग याच तिघांचा असतो. उरलेली १४ मातीतून यावी लागतात. ती मुळात शिरतात ती पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या रूपात, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या कणांच्या रूपात. नत्र हे नायट्रेट किंवा अमोनियम म्हणून, स्फुरद हे फॉस्फेट म्हणून, पालाश हे पोटॅशियमचा आयन म्हणून आणि गंधक हे सल्फेट म्हणून घेतले जाते. शेणखतातून आलेले नायट्रेट आणि कारखान्यातून आलेले नायट्रेट यांत मुळाला फरक करता येत नाही. दोन्ही खतांत फरक निश्चित आहे, पण तो मातीवर होणाऱ्या परिणामात आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

या आयनांचा प्रभार धन आहे की ऋण, यावर खतव्यवस्थापनाचा मोठा भाग उभा आहे. चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या (पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) कणांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे धन आयन त्या कणांना धरून राहतात आणि मुळाने हायड्रोजनचा आयन बाहेर सोडला की त्याच्या बदल्यात ते सुटून पाण्यात येतात. नायट्रेटवर ऋण प्रभार असल्याने मातीचे कण त्याला धरत नाहीत आणि ते पाण्याबरोबर खाली निघून जाते. फॉस्फेटवरही ऋण प्रभारच असतो, तरीही ते जागचे हलत नाही, कारण ते लोह, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियम यांच्याशी बांधले जाते. म्हणजे नत्राची चिंता ते पळून जाण्याची आहे, आणि स्फुरदाची चिंता ते अडकून बसण्याची. या दोन्हींना एकाच वेळी, एकाच पद्धतीने, एकाच हाताने फोकून देण्यात काय चूक आहे, ते एवढ्यावरूनच लक्षात यावे.

ही अन्नद्रव्ये रोपात काय करतात, तेही थोडक्यात पाहू. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला नत्राचे चार अणू धरून असतात. शिवाय कोणतेही प्रथिन नत्राशिवाय घडू शकत नाही. म्हणून नत्र कमी पडले की पाने पिवळी पडतात, आणि रोप जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देत असल्याने पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. स्फुरद हे ऊर्जेची देवघेव करणाऱ्या रेणूंचा आणि आनुवंशिक द्रव्याचा घटक आहे. ते कमी पडले तर मुळांची वाढ खुंटते आणि कित्येक पिकांत पानांवर जांभळट झाक येते. पालाश मात्र कोणत्याही संयुगात कायमचे बांधले जात नाही. ते आयन म्हणूनच पेशीरसात फिरत राहते, पर्णरंध्रे उघडण्या-मिटण्याचे काम पाहते आणि साठाहून अधिक विकरांना (एन्झाइमांना) कामाला लावते. त्याच्या कमतरतेत जुन्या पानांच्या कडा करपतात.

पोत्यावरचे आकडे

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशचा असून ते वजनाचे टक्के असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्यात एक जुनी मेख आहे. पहिला आकडा खरोखर नत्र या मूलद्रव्याचा असतो, पण दुसरा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आणि तिसरा पोटॅशियम ऑक्साइडचा असतो. ही दोन्ही ऑक्साइडे पोत्यात कुठेही नसतात. पूर्वीचे रसायनतज्ज्ञ वनस्पती जाळून राखेचे पृथक्करण करीत आणि निष्कर्ष ऑक्साइडांच्या रूपात मांडीत. तो हिशेब तसाच पुढे चालू राहिला आहे. मूलद्रव्यात रूपांतर करायचे असल्यास स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ ने आणि पालाशच्या आकड्याला ०.८३ ने गुणावे. म्हणजे ४६ टक्के स्फुरद असलेल्या डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेटच्या) १०० किलोंत प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे २० किलोच असतो. शिफारशीही याच ऑक्साइडांच्या भाषेत दिल्या जातात, त्यामुळे रोजच्या हिशेबात अडचण येत नाही. मात्र प्रयोगशाळेच्या अहवालात मूलद्रव्य दिले आहे की ऑक्साइड, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नेहमीच्या खतांचे आकडे लक्षात ठेवावेत. युरियात नत्र ४६ टक्के असते. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र सुमारे २१ टक्के असून शिवाय सुमारे २४ टक्के गंधक मिळते. डीएपीमध्ये नत्र १८ आणि स्फुरद ४६ टक्के असते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, गंधक सुमारे ११ टक्के आणि शिवाय कॅल्शियम असते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यात पालाश ६० टक्के असते. सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये ते ५० टक्के असते.

युरियातले नत्र येते कुठून, हेही जाता जाता सांगायला हवे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की वनस्पतीला त्याचा काही उपयोग नसतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हा बंध मातीच्या साध्या तापमानाला तोडतात. माणसाला तेच करण्यासाठी लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ही अभिक्रिया प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्याच्या आकाराला नेली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. त्या अमोनियाचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग करून युरिया बनतो. एवढ्या खटाटोपाने बांधलेले नत्र आपण उन्हात उघड्या जमिनीवर फेकतो आणि ते दोन-चार दिवसांत पुन्हा हवेत जाते, हा यातला खेदाचा भाग.

मातीचा नमुना आणि मात्रेचा हिशेब

मातीत आधीच काय आहे हे माहीत नसताना खत देणे म्हणजे अंधारात दगड मारणे. शेतातील जमीन रंगाने, खोलीने किंवा उताराने वेगळी असेल तर प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्यावा. एका भागात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी व्ही आकाराचा सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा, त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चीप काढावी, सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करीत राहावे. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा आणि नुकतेच खत दिलेली ओळ टाळावी. नमुना सावलीत वाळवावा. अहवालात सर्वांत आधी सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) पाहावा, मग विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप), मग सेंद्रिय कर्ब (कार्बन) आणि त्यानंतरच नत्र, स्फुरद, पालाश. सामूला पहिला मान देण्याचे कारण असे, की सामू बिघडलेला असेल तर अन्नद्रव्ये मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत आणि मग खत वाढवून फारसे काही साधत नाही.

समजा, अहवाल आणि पीक लक्षात घेऊन हेक्टरी नत्र १०० किलो, स्फुरद ५० किलो आणि पालाश ५० किलो द्यायचे ठरले आहे आणि हाताशी डीएपी, युरिया व म्युरेट ऑफ पोटॅश आहे. हिशेबाची सुरुवात स्फुरदापासून करावी, कारण डीएपीबरोबर नत्रही येते आणि ते आधी वजा करावे लागते. ५० भागिले ०.४६ म्हणजे सुमारे १०९ किलो डीएपी. त्यातून १८ टक्क्यांनी सुमारे २० किलो नत्र मिळाले. उरलेल्या ८० किलो नत्रासाठी ८० भागिले ०.४६ म्हणजे सुमारे १७४ किलो युरिया. पालाशसाठी ५० भागिले ०.६० म्हणजे सुमारे ८३ किलो पोटॅश. एकराचा हिशेब हवा असल्यास प्रत्येक आकड्याला २.४७ ने भागावे, म्हणजे डीएपी सुमारे ४४, युरिया ७० आणि पोटॅश ३४ किलो. स्फुरद सुपर फॉस्फेटमधून द्यायचे झाल्यास ३१२ किलो खत लागेल आणि त्यात नत्र नसल्याने युरिया २१७ किलोंपर्यंत जाईल, पण सोबत सुमारे ३४ किलो गंधकही जमिनीत पडेल. तेलबिया आणि कडधान्ये यांना गंधकाची गरज चांगली असते. तेथे हे जड पोते उचलण्याचे श्रम वाया जात नाहीत, असे माझे मत आहे.

युरिया : सर्वांत जास्त वापरलेले आणि सर्वांत जास्त वाया गेलेले

पेलाभर पाण्यात मूठभर युरिया टाकून ढवळला तर पेला हाताला गार लागतो, कारण विरघळताना युरिया भोवतालची उष्णता शोषून घेतो. हा रेणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. त्यावर ना धन प्रभार ना ऋण, म्हणून मातीचे कण त्याला धरत नाहीत आणि तो पाण्याबरोबर सहज सरकतो. मुळे त्याचा थोडा अंश तसाच्या तसा घेऊ शकतात, पण बहुतेक युरियाची गाठ त्याआधीच मातीतल्या युरिएज या विकराशी पडते. ऊबदार, ओलसर जमिनीत हे विकर युरियाचे विघटन करून काही दिवसांतच त्याचे अमोनियम कार्बोनेट बनवते. हे संयुग अल्कधर्मी असल्याने दाण्याच्या अगदी जवळच्या मातीचा सामू साडेआठच्या वर चढतो. सामू ७ असताना अमोनियम नत्रापैकी शंभरात एक भागही अमोनिया वायूच्या रूपात नसतो. सामू सव्वानऊच्या आसपास पोहोचला की निम्मे नत्र वायुरूप होते. दाणा मातीत गाडलेला असेल तर हा वायू वर येताना ओल्या मातीत विरघळतो, पुन्हा अमोनियम बनतो आणि मातीच्या कणांना चिकटतो. दाणा पृष्ठभागावर असेल तर तो सरळ हवेत जातो.

हे डोळ्यांनी पाहता येते. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात आणि दोन्हींत निम्म्यापर्यंत ओलसर शेतमाती भरावी. एका बरणीत चमचाभर युरिया मातीवर पसरावा आणि दुसरीत तेवढाच युरिया चार-पाच सेंटिमीटर खोल गाडावा. टिपकागदाच्या दोन पट्ट्या हळदीच्या द्रावणात बुडवून पिवळ्या कराव्यात, पाण्याने ओलसर करून प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूस एकेक चिकटवावी आणि झाकणे घट्ट लावावीत. ऊबदार जागी ठेवल्यास दोन-चार दिवसांत पहिल्या बरणीतली पट्टी तांबूस होते आणि झाकण उघडताच उग्र वास नाकात जातो. दुसरीतली पट्टी त्या मानाने बराच काळ पिवळी राहते. ज्या मातीचा सामू मुळात जास्त असतो, म्हणजे चुनखडीयुक्त जमिनीत, हा फरक लवकर दिसतो.

यावरून करायचे ते असे. युरिया ओळीच्या बाजूला पाच सेंटिमीटर तरी खोल पेरावा किंवा देऊन लगेच कोळपणी करून मातीत मिसळावा. तसे शक्य नसेल तर दिल्यानंतर लगेच १२ ते १५ मिलिमीटर पाणी द्यावे. रेणू उदासीन असल्याने तो त्या पाण्याबरोबर खाली उतरतो. सर्वांत वाईट परिस्थिती म्हणजे दव किंवा हलकी रिमझिम. एवढ्या ओलाव्यात दाणा विरघळतो, विकराचे काम सुरू होते, पण पाणी त्याला खाली नेण्याइतके नसते. कोरड्या मातीवर पडलेला कोरडा दाणा त्यापेक्षा सुरक्षित असतो, ही बाब पुष्कळांना उलटी वाटते. मुसळधार पाऊस येणार असेल तेव्हाही हात आवरावा, कारण मग तोच उदासीन रेणू मुळांच्याही खाली वाहून जातो.

मातीत टिकलेल्या अमोनियमचा पुढचा प्रवास जिवाणूंच्या हाती असतो. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर गटातले त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. या क्रियेत प्रत्येक अमोनियम आयनामागे हायड्रोजनचे दोन आयन सुटतात आणि त्यामुळे अमोनियमयुक्त खतांच्या दीर्घ वापराने जमीन हळूहळू आम्ल होते. अमोनियम सल्फेट यात आघाडीवर आहे. युरियाचे विघटन होताना आधी थोडे आम्ल खर्ची पडते, म्हणून तेवढ्याच नत्रामागे त्याचा आम्लपणा निम्मा असतो. चुनखडीच्या जमिनीत हा दोष राहत नाही, उलट थोडा उपयोगीच पडतो. मुळात आम्ल असलेल्या जमिनीत मात्र ठरावीक वर्षांनी चुना देण्याची तयारी ठेवावी.

नायट्रेट तयार झाले की त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पीक ते उचलते, ते पाण्याबरोबर झिरपून भूजलात जाते, किंवा जमिनीत पाणी साचून हवा संपली तर काही जिवाणू श्वसनासाठी त्यातलाच ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. या शेवटच्या वाटेवर नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो आणि त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. म्हणून पाणी तुंबलेल्या शेतात नत्र देऊ नये. आधी निचरा करावा, वाफसा येऊ द्यावा आणि मग खत द्यावे. पाणी साठवलेल्या भातखाचरात नायट्रेटयुक्त खत टाळून अमोनियम किंवा युरिया चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल द्यावा. तेथे हवा नसल्याने अमोनियमचे नायट्रेट होत नाही आणि ते चिखलाला धरून राहते. युरियावर दिलेला निंबोळी तेलाचा लेप हेच काम अंशतः करतो, म्हणजे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतो.

आणि म्हणूनच नत्राचे हप्ते करायचे. रोप लहान असताना त्याची मुळे हातभरही पसरलेली नसतात. त्या वेळी दिलेले सगळे नत्र पिकासाठी राखून ठेवले जाईल, अशी सोय मातीत नाही. वरच्या उदाहरणातले २० किलो नत्र डीएपीतून पेरणीलाच मिळाले आहे. उरलेले ८० किलो वाढीचा जोर सुरू होताना आणि फुलोऱ्याच्या आधी, असे ८७-८७ किलो युरियाच्या दोन हप्त्यांत द्यावे. हलक्या, वालुकामय जमिनीत त्याचे तीन किंवा चार हप्ते करावेत. हप्ता चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देणे मात्र टाळावे. गरजेपेक्षा जास्त नत्राने पीक काळेभोर दिसते आणि पाहणारा सुखावतो, पण पेशी मोठ्या व भिंती पातळ झाल्याने खोड कमकुवत राहते, पीक लोळते आणि रसशोषक किडींना आमंत्रण मिळते.

स्फुरद : जागा महत्त्वाची

खडकातले स्फुरद ॲपेटाइट या खनिजात असते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यावर गंधकाम्ल ओतले की विरघळणारे मोनोकॅल्शियम फॉस्फेट आणि जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) यांचे मिश्रण मिळते. जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये या कृतीचे पेटंट घेतले आणि आजचे सिंगल सुपर फॉस्फेट तेच आहे. पण जी विद्राव्यता कारखान्यात आम्ल खर्चून मिळवली, ती मातीत पडताच ओसरू लागते. आम्ल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला पकडतात आणि चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम पकडते. सामू ६ ते ७.५ या पट्ट्यात ही पकड सर्वांत सैल असते. जे सुटे राहते तेही मातीत हंगामभरात काही मिलिमीटरच सरकते.

तेव्हा स्फुरद मुळाकडे येण्याची वाट न पाहता मूळ जेथे जाणार तेथे ते ठेवावे लागते. ते फोकून दिले तर प्रत्येक दाण्याच्या भोवती नव्या मातीचा मोठा पृष्ठभाग येतो आणि पकड वाढते. पट्ट्यात दिले तर त्या अरुंद जागेतली पकडण्याची ताकद भरून जाते आणि उरलेले मुळांसाठी सुटे राहते. बियाच्या पाच सेंटिमीटर बाजूला आणि पाच सेंटिमीटर खाली, पेरणीच्या वेळीच, ही बहुतेक पिकांसाठी चांगली जागा आहे. दोन चाड्यांच्या पाभरीने हे एकाच फेरीत साधते. पीक गुडघाभर झाल्यावर वरून टाकलेल्या डीएपीतले नत्र लागू पडते आणि पीक हिरवे होते. त्यावरून स्फुरदही पोहोचले असे समजणे ही मोठी फसगत आहे. डीएपी बियाला अगदी खेटूनही देऊ नये, कारण त्याच्या दाण्याभोवतीचे द्रावण सामू ८ च्या आसपासचे असते आणि त्यातून सुटणारा अमोनिया कोवळ्या अंकुराला भाजतो. रॉक फॉस्फेटचा विचार फक्त आम्ल जमिनीत करावा. तेथे मातीच गंधकाम्लाचे काम संथपणे करते.

पालाश, क्षार आणि बाकीची अन्नद्रव्ये

पालाशचे रसायन त्या मानाने सरळ आहे. धन आयन असल्याने ते मातीला धरून राहते, हलक्या जमिनीत थोडे झिरपते आणि काही प्रकारच्या चिकणमातीत थरांच्या आत अडकून हळूहळू सुटते. भारी जमिनीत ते पेरणीला एकदम दिले तरी चालते, हलक्या जमिनीत दोन हप्ते करावेत. काळजी घ्यायची ती क्षारांची. म्युरेट ऑफ पोटॅश हे शेवटी एक मीठच आहे. बियाजवळ त्याचे प्रमाण वाढले की मातीतल्या पाण्याची ओढ उलटी होते आणि ओल असूनही रोप सुकते. विद्युतवाहकता आधीच जास्त असलेल्या जमिनीत, तसेच तंबाखू किंवा बटाट्यासारख्या क्लोराइडचा परिणाम गुणवत्तेवर होणाऱ्या पिकांत सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे.

सूक्ष्म अन्नद्रव्यांत सामूचा खेळ सर्वांत ठळक दिसतो. लोह, मँगनीज, जस्त आणि तांबे यांची विद्राव्यता सामू वाढला की झपाट्याने घटते, तर मॉलिब्डेनमची वाढते. चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, ती बहुधा लोहाची कमतरता असते. जमिनीत लोह ढिगाने असते, पण अविद्राव्य रूपात. तेथे फेरस सल्फेट मातीत टाकले तर थोड्याच काळात त्याचा गंज होतो. त्याची फवारणी करावी किंवा ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (धातूला वेढून विरघळलेले ठेवणारे संयुग) वापरावे, जे चढ्या सामूतही लोहाला धरून ठेवते. ईडीटीएचे लोह सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, म्हणून डब्यावर केवळ चिलेट हा शब्द वाचून समाधान मानू नये. स्फुरद अति झाले तर जस्ताची कमतरता दिसू लागते. बोरॉनमध्ये कमी आणि विषारी यांतले अंतर फार थोडे असते, त्यामुळे ते अंदाजाने कधीच देऊ नये.

एकत्र काय करू नये

ठिबकच्या टाकीत एकदा घाईने मी स्वतः कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० हे खत एकत्र विरघळवले होते. काही मिनिटांतच स्वच्छ पाण्याचे ताकासारखे झाले आणि तळाशी पांढरा साका बसला. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे अविद्राव्य संयुग तयार झाले होते. पुढचा दिवस ड्रीपर आम्लाने धुण्यात गेला. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम बनते, जस्त आणि फॉस्फेट एकत्र आले की जस्त फॉस्फेट. म्हणून कॅल्शियमची टाकी नेहमी वेगळी ठेवावी आणि कोणतेही नवे मिश्रण आधी काचेच्या बाटलीत, टाकीतल्याच प्रमाणात, तासभर ठेवून पाहावे. गढूळपणा आला तर ते टाकीत घालू नये.

कोरड्या खतांतही पथ्ये आहेत. युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळून ठेवले तर सुपर फॉस्फेटमधले स्फटिकजल सुटून ढीग चिकट होतो. मिसळायचेच झाले तर लगेच वापरावे. अमोनियमचे कोणतेही खत चुन्याबरोबर मिसळले की अमोनिया उडतो, म्हणून चुना आणि ही खते यांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. अमोनियम नायट्रेट आणि युरिया यांचे मिश्रण तर ३० अंश तापमानाला १८ टक्के आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढू लागते, म्हणजे जवळजवळ कोणत्याही हवेत ते पातळ होते.

शेणखताचे स्थान

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. १०० किलो नत्र केवळ त्यातून द्यायचे तर २० टन शेणखत लागेल आणि तेही पहिल्या वर्षी पूर्ण सुटणार नाही. त्याचे खरे मोल दुसरीकडे आहे. त्यातून तयार होणारे ह्यूमस ऋण प्रभारांची संख्या वाढवते, म्हणजे अमोनियम आणि पालाश यांना धरून ठेवण्याची जागा वाढवते, आणि त्यातली सेंद्रिय आम्ले स्फुरदावरची पकड सैल करतात. रासायनिक खताचा जो हिस्सा वाया जातो तो कमी करण्याचा हा उपाय आहे. त्यामुळे या दोन खतांत वाद लावण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. मात्र काडीकचरा आणि शेणखत कुजलेले हवे. वाळलेल्या काडात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे ८० ला १ असते. ते ३० ला १ पेक्षा जास्त असेल तर कुजवणारे जिवाणू स्वतःच्या शरीरासाठी मातीतलेच नत्र उचलतात आणि काही आठवडे पीक पिवळे पडते. काड जमिनीत गाडायचे असल्यास पेरणीच्या बरेच आधी गाडावे किंवा सोबत थोडे नत्र द्यावे.

नत्राविना ठेवलेला पट्टा

एवढे करूनही दिलेले खत किती लागू पडले हे पिकाच्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी शेतात, बांधापासून दूर, चार-पाच ओळींचा एक पट्टा नत्राविना ठेवावा आणि त्याला बाकी सर्व तसेच द्यावे. कापणीच्या वेळी त्या पट्ट्यातले आणि शेजारच्या तेवढ्याच क्षेत्रातले धान्य वेगवेगळे मळून तोलावे. समजा, हेक्टरी हिशेबाने पट्ट्यात २,००० किलो आणि शेजारी ३,५०० किलो धान्य आले आणि नत्र १०० किलो दिले होते, तर प्रत्येक किलो नत्रामागे १५ किलो धान्य वाढले. पुढच्या हंगामात त्याच पिकाचा एक पट्टा ८० किलो नत्रावर, पण युरिया खोल पेरून आणि हप्ते वाढवून घ्यावा. तेथे प्रत्येक किलोमागची वाढ १९ किलोंच्या आसपास आली, तर पूर्वीच्या १०० किलोंतले २० किलो पिकाच्या कामी आलेच नव्हते. हवामान दरवर्षी सारखे नसते, म्हणून मात्रा कायमची कमी करण्यापूर्वी ही तुलना निदान तीन हंगाम करावी आणि प्रत्येक वेळी खत दिल्याची तारीख, त्या दिवशीची ओल आणि त्यानंतरचा पहिला पाऊस यांची नोंद वजनाच्या आकड्याशेजारीच लिहून ठेवावी.